बाल्कनीतले खांबेटे

डेर्लेशेठनी चादर ओढली आणि टाळ्यांची वाट पाहत उभे राहिले.

टाळ्या वाजल्याही. मधुमालती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, घरोघरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभासद बसले होते. ते उठून टेबलाभोवती जमले. टेबलावर त्यांची नवी इमारत उभी होती. सध्याचे तीन मजले पाडून डेर्लेशेठ तिथं जी बांधणार होते, तिचं पन्नासपट लहान मॉडेल. काचेची लिफ्ट, फ्लॅटगणिक बाल्कनी, गच्चीवर बाग, खाली घसरगुंडी. सगळं माझ्या हातचं. मी मात्र मागे एका स्कूटरला टेकून उभी होते. मॉडेल बनवणाऱ्यानं अशा वेळी मागेच राहावं. पुढे गेलं की कुणीतरी "हे गवत खरं का हो?" असं विचारत ते उपटून बघतं.

"शेठ," चांदोरकरकाकू म्हणाल्या, "माझा फ्लॅट कुठला म्हणालात?"

"सातवा मजला, पूर्वेकडचा. सकाळचं ऊन थेट तुमच्या बाल्कनीत, काकू."

काकू चष्मा सावरून वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"मग माझ्या बाल्कनीत हा खांबेटे काय करतोय?"

दोन-चार जण हसले. सोसायटीचे सेक्रेटरी बागूल हसत हसतच पुढे झाले, वाकले आणि त्यांचं हसू गेलं.

"आमच्याकडेही आहे," ते म्हणाले.

मग सगळेच वाकले. आठव्या मजल्यावर खांबेटे होते. चौथ्यावर तिन्ही बाल्कन्यांत खांबेटे होते. गच्चीवरच्या बागेत दोन खांबेटे एकमेकांकडे पाठ करून उभे होते. घसरगुंडीशी एक होता, लिफ्टच्या काचेतून एक बाहेर बघत होता. शर्ट वेगवेगळे होते. निळा, पिवळा, चौकड्याचा. पण ते किंचित पुढे आलेलं पोट, एका बाजूला कललेली मान आणि पाठीमागे बांधलेले हात सगळीकडे तेच.

ही नाशिकची गोष्ट. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. माझं वर्कशॉप मधुमालतीच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे होतं, म्हणून तर डेर्लेशेठनी काम मला दिलं. "मॅडम, जवळच आहात, वाहतुकीत काही तुटायला नको," असं ते म्हणाले होते.

अशा मॉडेलच्या भिंती कापून जोडतात, पण जे पुन्हा पुन्हा लागतं ते, म्हणजे कठडे, खिडक्या, स्कूटरी, पाण्याच्या टाक्या, एकेक करून कुणी घडवत नाही. एकच नमुना मन लावून घडवायचा. तो डबीत बसवून त्यावर सिलिकॉनचं पातळ रबर ओतायचं. रबर घट्ट झालं की नमुना बाहेर काढायचा. आत त्याची पोकळी उरते. हा झाला साचा. मग रेझिनमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकमध्ये, ते घट्ट करणारं हार्डनर मिसळून साच्यात ओतलं की चहा उकळेपर्यंत वस्तू तयार. पुन्हा ओता, पुन्हा काढा. रेझिनला कंटाळा येत नाही, आपल्याला येतो.

माणसं मात्र मी नेहमी मुंबईच्या एका दुकानातून तयार आणायचे. त्या वेळी दुकानदार म्हणाला, "बायका भरपूर आहेत, पुरुष पंधरा दिवसांनी येतील." त्याच्याकडच्या बायका परदेशी साच्यातल्या, उंच, सडपातळ, आखूड झग्यातल्या. त्या घेऊन आले आणि पुरुष स्वतःच करायला बसले. एक तरी पुरुष हवा होता जो जागचा हलत नाही. खिडकीतून बघितलं तर समोर सोसायटीच्या फाटकाशी एक गृहस्थ उभे. सकाळी उभे, दुपारी उभे, संध्याकाळीही उभे. हात मागे. मला ते हात फार सोयीचे वाटले. सुटे हात साच्यात त्रास देतात. बोटांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि माणूस थोटा निघतो. हे हात पाठीला लागलेले, एकानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. साच्यातून अख्खा माणूस सुळकन बाहेर.

त्यांचं नाव खांबेटे आहे हे मला त्या रविवारी कळलं. आणि सगळ्या सोसायटीत पुनर्बांधणीला सही न देणारे तेवढे एकटेच आहेत हेही.

"शेठ, सरळ बोला," बागूल म्हणाले. "या माणसानं सही अडवून ठेवली आहे. त्याच्या बदल्यात तुम्ही त्याला काय कबूल केलंत?"

"मी? काहीच नाही."

"मग सगळ्या बाल्कन्या त्याला कशा?"

डेर्लेशेठ माझ्याकडे वळले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, हे काय आहे?"

"माणूस आहे," मी म्हटलं.

"एकच?"

"साचा एकच होता."

"आणि याच्या शेजारी ही झगेवाली कोण?" काकूंनी विचारलं. "मी एकटी राहते, अगं. माझ्या बाल्कनीत परका पुरुष, त्याच्या शेजारी झगेवाली बाई. मग मी कुठे आहे? स्वयंपाकघरात?"

कुणीतरी फाटकाशी जाऊन खऱ्या खांबेट्यांना बोलावून आणलं. ते सभेला आलेच नव्हते. नेहमीच्या जागी उभे होते. तसेच, हात मागे ठेवून आले. गर्दीनं त्यांना वाट करून दिली. सत्तरीचे असावेत. गोरा, दाढी केलेला चेहरा, पांढराशुभ्र बुशशर्ट. बँकेतून निवृत्त झालेले आहेत हे न सांगता कळावं असे.

त्यांनी मॉडेलकडे पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. मग माझ्याकडे मान वळवून विचारलं, "तुम्ही केलंत?"

"हो."

"भिंग आहे का?"

मी पिशवीतून काढून दिलं, म्हणजे पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. "तुम्हीच धरा," म्हणाले. मी बागेतल्या एका खांबेट्यासमोर भिंग धरलं. "समोरून नको. मागून." मी पाठीमागून धरलं. ते वाकून इतका वेळ बघत राहिले की मागचे लोक कुजबुजायला लागले.

"माणसाच्या पाठीमागे कोण बघतं?" ते अखेर हळू आवाजात म्हणाले. "एवढं बारीक कशाला केलंत?"

आणि निघून गेले. पुन्हा फाटकाशी जाऊन उभे राहिले.

"बघितलीत गुर्मी?" बागूल म्हणाले.

सभेत त्या दिवशी एकच ठराव झाला. प्रतिकृतीतील श्री. खांबेटे यांना सर्व बाल्कन्यांतून हटवण्यात यावे. सूचक चांदोरकर, अनुमोदक बागूल. पुढची सभा आठवड्यानं. डेर्लेशेठ जाताना मला म्हणाले, "मॅडम, एवढी माणसं बदला. पण खांबेटेसाहेब दुखावले जाणार नाहीत असं बघा. त्यांची सही यायची आहे." कायद्यानं बहुमत पुरत होतं, पण शेठना एकही नाराज माणूस मागे ठेवून पाया खणायचा नव्हता. त्यांच्या आधीच्या कामात असाच एक नाराज माणूस कोर्टात गेला होता.

नवा नमुना, नवा साचा, इतकं सगळं आठवड्यात होणार नव्हतं. मी आहेत त्याच माणसांवर उपाय करायला घेतले. आधी मिशा लावल्या. दुसऱ्या दिवशी बागूल बघायला आले.

"हा खांबेटेच आहे," ते म्हणाले. "मिशा लावून आलाय. आता तर चोरून आल्यासारखा दिसतोय."

टोप्या घातल्या. काकू आल्या आणि म्हणाल्या, "हा लग्नाला निघालाय का?" मग मी सगळ्यांना पाठमोरं केलं, चेहराच दिसायला नको म्हणून. बागूल पुन्हा आले. त्यांनी खाली वाकून आपल्या बाल्कनीत बघितलं आणि ताडकन सरळ झाले.

"मॅडम, तो आता आमच्या हॉलमध्ये बघतोय."

शेवटी पकडीनं एकेकाला उपटायला लागले. सगळ्यांना एका स्टीलच्या वाटीत टाकलं. इतके खांबेटे एका वाटीत आडवेतिडवे पडलेले बघून मला बरं वाटेना, म्हणून वर झाकण ठेवलं.

त्याच दुपारी खरे खांबेटे वर्कशॉपमध्ये आले. दारातच थांबले.

"आत येऊ का?"

"या ना काका. मी काढतेच आहे सगळे. वाईट वाटून घेऊ नका."

"काढू नका असं सांगायला आलो नाही," ते म्हणाले. "ठेवा किंवा काढा. माझी एकच विनंती आहे. ठेवलेत तर हात बदला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सगळ्या सोसायटीला माणूस नको होता आणि माणसाला फक्त हात नको होते.

"कसे हवेत?"

"बाजूला. मोकळे. चारचौघांचे असतात तसे."

मी त्यांना बुडबुड्यांचं सांगितलं. थोट्या बोटांचं सांगितलं. ते लक्षपूर्वक ऐकत होते, पण पटल्याचं दिसत नव्हतं. बोलता बोलता माझं काम चालूच होतं. कठड्याचे काही तुकडे कमी पडले होते, त्यासाठी कपात रेझिन आणि हार्डनर ढवळलं होतं, आणि ते एकदा मिसळलं की थांबत नाही. कप हातात गरम व्हायला लागला. त्याच वेळी साच्याचे दोन भाग बांधलेला रबरबँड तुटला. माझ्या दोन्ही हातांत साचा, कप टेबलाच्या कडेला.

"काका, जरा तो कप धरा."

ते हलले नाहीत.

"काका, कप. सांडेल."

"मला जमणार नाही," ते म्हणाले.

"अहो, नुसता धरायचा आहे. एवढंही नाही जमत?"

मी हे जरा चिडूनच बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग उजवा हात पाठीमागून पुढे आणला.

हात थरथरत होता. थोडासा नाही. कोंबडीचं पिल्लू हातात धरल्यावर जसं फडफडतं तसा, त्यांचा नसल्यासारखा. त्यांनी कप उचलला. रेझिन त्यांच्या बुशशर्टावर, टेबलावर, माझ्या चपलेवर उडालं. कप खाली पडला. ते पुन्हा हात मागे घ्यायला लागले आणि मी "थांबा, थांबा, पुसू द्या, चिकटेल" म्हणून त्यांचं मनगट धरलं. फडक्यानं पुसत असताना तो हात माझ्या हातात तसाच उडत राहिला.

साच्यात काहीच ओतलं गेलं नाही. कपाच्या तळाशी पिवळट गोळा घट्ट झाला.

मी स्टूल दिलं. ते बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की वर्षं. गोळ्या चालू आहेत. एका हातानं दुसरा धरून ठेवला की बाहेर दिसत नाही. निदान मला तसं वाटत होतं, रविवारपर्यंत. तुम्ही तर बोटं कशी आवळलेली आहेत तेही केलंत."

"मी मुद्दाम नाही केलं. दिसलं तसं केलं."

"तेच म्हणतो मी. दिसतं म्हणजे."

मग ते आपण होऊन बोलायला लागले. तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगी इंदूरला. जिना चढणं जड जातं, म्हणून एकदा खाली उतरले की संध्याकाळपर्यंत खालीच थांबतात. फाटकाशी उभं राहिलं की निदान माणसं दिसतात.

"लोकांना वाटतं मी पहारा देतो," ते म्हणाले. "कोण किती वाजता आलं ते बघतो. बघतो खरा. दुसरं काय करणार तिथं?"

"मग नवीन बिल्डिंगला विरोध का करता? लिफ्ट येईल ना."

"विरोध कुणी केला? सगळ्या सोसायटीत लिफ्टची गरज मला जास्त आहे."

"मग सही?"

"सहीच तर होत नाही."

त्यांनी ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. करारनाम्याच्या प्रत्येक पानावर सही लागते, आणि ती सगळ्यांसमोर, पार्किंगमधल्या टेबलावर करायची होती.

"बागूलसाहेबांना सांगा ना. अंगठा चालतो."

"अंगठा नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "बँकेत माझं काम काय होतं माहीत आहे? सह्या तपासणं. चेक आला की नमुन्याची सही आणि चेकवरची सही शेजारी धरायची. वेलांटी बदलली, परत. रेघ हलली, परत. एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांचा हात कापायचा. मी त्यांचे चेक परत करायचो. त्या म्हणायच्या, अहो मीच आहे ना समोर उभी. मी म्हणायचो, बाई, तुम्ही आहात, पण सही तुमची नाही." ते थांबले. "शेवटी त्यांना अंगठा लावायला सांगितला मी. मॅट्रिकला मराठी शिकवलेल्या बाई होत्या. त्यांनी लावला. शाई पुसायला मी फडकं दिलं."

मी चहा केला. त्यांचा कप अर्धाच भरला आणि ते लक्षात आल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

चहा पिता पिता त्यांनी एक गोष्ट सांगितली. भाजीची पिशवी जड असली की हात थांबतो. पूर्ण नाही, पण बराच. रिकामी असली की उडतो.

मी कपातला तो घट्ट झालेला गोळा बघत होते. रेझिन हलकं असतं. पण त्यात छर्रे घालता येतात.

"काका," मी म्हटलं, "उद्या येता का? तुमच्या मुठीचा साचा घेऊ."

दुसऱ्या दिवशी मी शाडूचा गोळा मळून ठेवला. कल्पना साधी होती. त्यांनी पेन धरतात तशी त्यात बोटं दाबायची, तो आकार साच्यातून रेझिनमध्ये उतरवायचा, आत सायकलचे छर्रे भरायचे आणि मधून पेन जाईल एवढं भोक ठेवायचं. मूठ मुठीत बसली की बोटांना धरण्याची कसरत नाही, आणि वजन हाताला खाली ठेवील.

अडचण अशी की थरथरणाऱ्या हातानं दाबलेल्या शाडूत थरथरच उतरली. पहिला गोळा उकरल्यासारखा झाला. दुसरा त्याहून वाईट. खांबेटेकाका दोन्ही गोळ्यांकडे तज्ज्ञाच्या नजरेनं बघत म्हणाले, "जुळत नाहीत."

मग मला पिशवी आठवली. मी रेझिनचा भरलेला डबा दोरीनं त्यांच्या मनगटाला टांगला. ते स्टुलावर ताठ बसले, कोपर टेबलावर, मनगटाला डबा लोंबतोय, मुठीत शाडू, आणि मी समोर खाली बसून "हलू नका, हलू नका" म्हणतेय. हात खरंच हळूहळू शांत होत गेला.

नेमके तेव्हा बागूल आत आले. नवीन माणसांचं काय झालं ते विचारायला आले होते. त्यांनी खांबेट्यांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम," खांबेटेकाका म्हणाले.

"सहीचं काय ठरलं?" बागुलांनी विचारलं.

"त्याचाच व्यायाम."

बागूल तसेच निघून गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत बातमी पसरली की डेर्लेशेठनी मॉडेलवाल्या बाईला हाताशी धरून म्हाताऱ्याचे हात बांधून सही घ्यायचं ठरवलं आहे. रात्री शेठचा फोन आला. "मॅडम, मी असं काही सांगितलंय का?" मी म्हटलं नाही. "मग ठीक आहे," ते म्हणाले, पण त्यांना ठीक वाटत नसावं.

शाडू सुकायच्या आत त्यावर रबर ओतलं. ते घट्ट झाल्यावर साचा चिरून शाडू धुऊन काढली. पेनाच्या जागी व्हॅसलीन चोपडलेली सळई उभी केली, छर्रे टाकले, रेझिन ओतलं. बाहेर आलं ते आल्याच्या गड्ड्यासारखं काहीतरी होतं. वेडंवाकडं, फोड आलेलं, जड. खांबेटेकाकांनी त्यात बोटं घातली आणि ती जिथल्या तिथं बसली. कागदावर त्यांनी आपलं नाव लिहिलं. अक्षर ओढल्यासारखं आलं, शेवटचा 'टे' रेघेखाली घसरला. पण 'खांबेटे' वाचता येत होतं.

ते कागदाकडे बघत राहिले. "पास होणार नाही," ते म्हणाले. आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी मॉडेलवरची चादर काढली तेव्हा बाल्कन्यांत फक्त झगेवाल्या बायका उरल्या होत्या. माझा सगळा आठवडा मुठीत गेला होता.

"हे काय, लेडीज हॉस्टेल बांधताय का, शेठ?" कुणीतरी विचारलं.

"आमचे पुरुष गेले कुठे?" दुसरं कुणीतरी म्हणालं.

"गेल्या रविवारी होते तेव्हा चालले नाहीत," डेर्लेशेठ म्हणाले. त्यांचा संयम संपत आला होता. "मंडळी, माणसं खरी येणार आहेत, तुम्हीच. आता सह्या करू या."

सह्या सुरू झाल्या. एकेक सभासद खुर्चीवर बसायचा, पानामागून पान उलटून सह्या करायचा, उठायचा. बागुलांनी तर न बघता केल्या, बाजूच्याशी बोलत बोलत. खांबेटेकाका फाटकाशी उभे होते. सगळ्यांच्या झाल्यावर ते सावकाश चालत आले, खुर्चीत बसले, पिशवीतून तो गड्डा काढून टेबलावर ठेवला. ठक्क आवाज झाला.

"हे काय आहे?" बागुलांनी विचारलं.

"माझा हात," ते म्हणाले.

मग त्यांनी खरा हात पुढे घेतला. लपवला नाही. तो सगळ्यांसमोर, करारनाम्यावर, फडफडत राहिला. त्यांनी बोटं गड्ड्यात बसवायचा प्रयत्न केला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. आणि पहिल्या पानावर ते सही करायला लागले.

एकेका सहीला वेळ लागत होता. करारनामा जाडजूड होता. दोन-तीन पानं झाल्यावर बागूल खाकरले. त्यांचा आवाज बराच खाली आला होता. "काका, आम्हाला माहीत नव्हतं. अंगठा चालेल, खरंच."

"अंगठा नाही."

उभे असलेले लोक हळूहळू खुर्च्यांवर बसले. कुणीतरी चहा सांगितला. गड्ड्याच्या वजनानं कागद सरकायला लागला, तशा चांदोरकरकाकू उठल्या, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि दोन्ही हातांनी पान दाबून धरलं. झालं की त्या उलटायच्या, पुढचं दाबायच्या. चहा आला, पिऊन झाला, तरी सह्या चालूच होत्या. मुलं मॉडेलजवळ जाऊन घसरगुंडी हलवून बघत होती आणि त्यांना कुणी रागावत नव्हतं. मीही नाही.

शेवटचं पान झालं. खांबेटेकाकांनी बोटं सोडवली, कपाळ पुसलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा उलटायला लागले. काकू म्हणाल्या, "आता काय राहिलं?"

"तपासतो."

ते एकेक सही बघत गेले. ओठ घट्ट मिटलेले. कुठे 'खां'चा अनुस्वार पळालेला, कुठे 'बे' नुसतीच रेघ. शेवटी मान हलवून म्हणाले, "एकीला एक मिळत नाही. माझ्या टेबलावर आल्या असत्या तर एकही पास केली नसती."

मला तर तिथून निघून जावंसं वाटलं. पण ते अजून पानांकडेच बघत होते. त्यांची नजर जरा बाजूला सरकली, तिथंच थांबली. त्यांनी मागचं पान काढलं, पुढचं काढलं.

"बागूल," ते म्हणाले, "तुमच्याही नाहीत."

"काय नाहीत?"

"मिळत. इथं 'ब'ला पोट आहे, इथं नाही. या पानावर तर 'गूल' गायबच आहे. ही कुणाची सही म्हणायची?"

बागूल वाकले. "बोलण्याच्या नादात केली हो."

"चेक परत गेला असता."

"माझ्या बघा," काकू म्हणाल्या.

त्यांनी बघितल्या. "तुम्ही दोन पानांवर माहेरचं नाव घातलंय."

"अगंबाई," काकू म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की खुर्ची करकरली.

मग लोक उठलेच. टेबलाभोवती पुन्हा गर्दी झाली, गेल्या रविवारसारखीच, पण आता मॉडेलकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. प्रत्येक जण आपापलं पान पुढे करत होता, आणि खांबेटेकाका थरथरत्या बोटानं दाखवत होते. इथं रेघ आडवी, इथं उभी. इथं शाई दोनदा. इथं तुम्ही घाईत होतात. कुणाला सूट नव्हती. डेर्लेशेठनी सगळ्यात शेवटी, जरा संकोचानं, आपल्या सह्या दाखवल्या. काकांनी त्या सर्वांत जास्त वेळ बघितल्या.

"व्यवसायात आहात," ते म्हणाले, "जरा सांभाळून."

त्या दिवशी मधुमालती सोसायटीतल्या एकाही सभासदाची सही पास झाली नाही. सोमवारी करारनामा रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेला आणि कुणीही काहीही न विचारता नोंदला गेला.